कामगारांच्या दातांसाठी मंजूर झालेले सहा लाख कुठे घालावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी. माणसं २४०: परमनंट कामगार ९०, ठेकेदारामार्फत ११०, स्टाफ ४०. व्यवस्थापनाने दातांच्या उपचारांसाठी वर्षाला सहा लाख रुपये मंजूर केलेत. विमा ब्रोकर म्हणतो, ग्रुप मेडिक्लेमला डेंटल ओपीडीचा रायडर जोडा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या दातांच्या उपचारांसाठी जादा हप्त्याचं जोडकलम. परमनंट आणि स्टाफ मिळून १३० जणांसाठी माणशी २,६०० रुपये हप्ता, वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च मिळेल. युनियन म्हणते, आम्ही बिलं आणतो, तुम्ही पैसे द्या. ते जमत नसेल तर महिना २०० रुपये दंत भत्ता सुरू करा. एचआर बघणाऱ्या मॅडम विचारतात, यातलं काय करू, आणि बाकीच्या कंपन्या काय करतात?

मी दाताचा डॉक्टर नाही. भोसरी, रांजणगाव, चाकण या पट्ट्यात एकतीस वर्षं पर्सोनेलचं काम केलं. त्या काळात दातांच्या तीन योजना बसवल्या. त्यातली एक साफ फसली, त्यामुळे जे सांगतोय ते ऐकीव नाही.

तिन्हींपैकी एकही करू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको.

आधी एक काम करा. ओएचसीत (कारखान्याच्या आरोग्य केंद्रात) किंवा फर्स्ट एड रूममध्ये गोळ्या-औषधांचं रजिस्टर असतं ते काढा आणि मागच्या सहा महिन्यांत ‘दाढदुखी’, ‘टूथएक’, ‘तोंड सुजले’ अशा किती नोंदी आहेत, त्या कुठल्या शिफ्टच्या आहेत ते मोजा. मी पहिल्यांदा हे केलं ते वैतागून. पेनकिलरचा खप एवढा का, असं अकाउंट्सने विचारलं होतं. निम्म्याहून जास्त दाढदुखीच्या नोंदी थर्ड शिफ्टच्या निघाल्या. एका रात्री मुद्दाम थांबलो. प्रेस शॉपमधला एक पोरगा, वय असेल अठ्ठावीस-तीस, डोक्यावरून हनुवटीखाली रुमाल आवळून बांधलेला, गालात लवंगेच्या तेलाचा बोळा, आणि दोन्ही हात मशीनच्या बटणांवर. मी म्हटलं, ‘अरे, डॉक्टरकडे का जात नाहीस?’ तो म्हणाला, ‘साहेब, गेलो होतो की. पहिली शिटिंग झाली. दुसरीला गेलो असतो तर खाडा पडला असता.’

त्याचा हिशेब चोख होता. त्या कंपनीत महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला १,००० रुपये हजेरी भत्ता मिळे. एक खाडा झाला की पूर्ण भत्ता जाई, वर त्या दिवसाचा पगार. रूट कॅनालला साधारण तीन बैठका लागतात, आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने. दवाखाने उघडे असतात सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ. शिफ्ट मात्र दर आठवड्याला बदलते. पहिली बैठक फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी उरकते, दुसरी नेमकी सेकंड शिफ्टमध्ये येते आणि तिसरीच्या वेळी माणूस रात्रपाळी करून झोपलेला असतो. त्यात पहिल्या बैठकीत नस काढली की ठणका थांबतो. ठणका थांबला की कुणाला आठवतंय? अर्धवट कोरलेली दाढ वर्षभरात फुटते आणि शेवटी काढावी लागते. डॉक्टरचे पैसे गेले, दाढही गेली, आणि कामगारांत बोभाटा होतो की रूट कॅनाल म्हणजे फसवणूक.

म्हणून मी नेहमी सांगतो, दातांच्या योजनेत कंपनीने पहिल्यांदा वेळ विकत घ्यावा, उपचार नंतर. दोन तासांचा पगारी गेट पास, म्हणजे कामाच्या वेळेत बाहेर जायची परवानगी, खाडा न धरता. तो दिला नाही तर रायडर काढा, पॅनेल करा, सोन्याचे दात बसवा, खुर्चीत कुणी येऊन बसणार नाही. तुमच्या सहा लाखांतला पहिला पैसा इथे घाला. बहुतेक कंपन्या हे करत नाहीत, कारण हा खर्च कुठल्या बिलात दिसत नाही आणि प्रॉडक्शनवाल्याशी भांडावं लागतं.

आता ब्रोकरच्या रायडरचं बघू. १३० जणांचे २,६०० प्रमाणे ३,३८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६०,८४०. झाले ३,९८,८४०. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, गटविम्यावरचा तसाच आहे. कायद्याने बंधनकारक नसलेल्या आरोग्य विम्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही कंपनीला मिळत नाही, म्हणजे ते साठ हजार गेलेच. आणि एवढं करून तुमचे ११० कंत्राटी कामगार त्यात नाहीतच, कारण ते तुमच्या हजेरीपटावर नाहीत.

मूळ गोची वेगळीच आहे. विमा कशाचा काढतात? होईल की नाही याची खात्री नसलेल्या आणि झालं तर कंबरडं मोडणाऱ्या खर्चाचा. हार्ट अटॅकचा, अपघाताचा. किडलेली दाढ यात कुठे बसते? ती आज ना उद्या भरावी लागणार हे तुम्हाला, मला आणि विमा कंपनीला आधीच माहीत असतं. साध्या मेडिक्लेममध्ये दात वगळलेले असतात ते त्यामुळेच. अपघातात जबडा फुटून दाखल व्हावं लागलं तरच पैसे मिळतात; बाकी ‘ओपीडी’ म्हणून बाहेर. रायडर घेतला की विमा कंपनी मर्यादा लहान ठेवते, हप्ता त्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास लावते, आणि तुमचेच पैसे स्वतःचा खर्च कापून परत देते. वर नेटवर्कचा घोळ. कॅशलेस दवाखान्यांची यादी पिनकोडसकट मागा. बाणेर, विमाननगर, कोरेगाव पार्क भरपूर सापडेल. चाकण, राजगुरुनगर, आळंदी फाटा शोधायला भिंग लागेल. दात साफ करणं धरलंय का, हेही विचारा. अनेक ठिकाणी नसतं, आणि खरं तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट तीच.

अमेरिकेत राहणारा तुमचा कुणी भाचा-पुतण्या असेल तर तो म्हणेल, आमच्याकडे तर प्रत्येक कंपनी डेंटल इन्शुरन्स देते. प्रत्येक नाही, पण बऱ्याच देतात. त्याची सुरुवातच कामगारांपासून झाली. १९५४ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने आणि मालकांच्या संघटनेने कल्याण निधीतून कामगारांच्या मुलांच्या दातांची सोय करायचं ठरवलं, तिथल्या दंतवैद्यांना हाताशी धरलं, आणि त्यातून पुढे डेल्टा डेंटल ही मोठी दंतविमा संस्था उभी राहिली. पण त्या पॉलिसीत आतमध्ये बघा. तपासणी आणि सफाई शंभर टक्के, दात भरणं ऐंशी टक्के, कॅप वगैरे पन्नास टक्के, आणि वर्षाला हजार ते दोन हजार डॉलरची मर्यादा. हा विमा कमी आणि आगाऊ भरलेली वर्गणी जास्त. आपण त्यातला शंभर-ऐंशी-पन्नासचा मेळ उचलावा, विमा कंपनी तिथेच सोडावी. पुढे मी तेच केलंय.

त्याआधी ईएसआय, म्हणजे सरकारची कामगार राज्य विमा योजना. कंपन्यांचे साहेब इथे नाक मुरडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण ईएसआयमध्ये आहे. तुमचे कंत्राटी कामगार सगळे असणार, परमनंटपैकी नवे काही असतील. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. समजा कंत्राटी कामगाराला सोळा हजार पडतात. तर दरमहा तुमच्या खिशातून, ठेकेदाराच्या बिलातून का होईना, ५२० रुपये आणि त्याच्या खिशातून १२० रुपये जातात. ११० जणांचे वर्षाचे झाले ८,४४,८०० रुपये. व्यवस्थापनाने मोठ्या मनाने मंजूर केलेल्या सहा लाखांपेक्षा जास्त रक्कम याच लोकांच्या औषधपाण्यासाठी तुम्ही आणि ते मिळून आधीच भरताय. त्यात दात आहेत. दाढ काढणं, भरणं, सफाई, हिरड्यांचे उपचार. कुटुंबही आहे. आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही.

मग कामगार तिथे का जात नाहीत? एकतर त्यांना माहीतच नसतं की तिथे दाताचा डॉक्टर असतो. दुसरं, ठेकेदाराने नोंदणी करताना दवाखाना भलताच टाकलेला असतो. परभणीचा पोरगा, राहतो चाकणजवळ मेदनकरवाडीत आणि कार्डावर दवाखाना परभणीचा. बायको-मुलांची नावं चढवलेलीच नसतात. तिसरं म्हणजे अंतर. दाताची खुर्ची छोट्या दवाखान्यात क्वचित. त्यासाठी मोहननगर, चिंचवडचं रुग्णालय, म्हणजे चाकणहून वीसेक किलोमीटर, दोन बस, रांग. दिवस गेला. आणि त्या दिवसाचे पैसे? ईएसआयचा आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के असतो, पण पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरतात, त्यांचे मिळत नाहीत. दाढ काढायला माणूस एक दिवस जातो. म्हणजे हातात शून्य. पुन्हा गाडी वेळेपाशीच येऊन थांबली.

आम्ही एका कंपनीत असं केलं. ठेकेदाराचं त्या महिन्याचं बिल अडवलं आणि सांगितलं, प्रत्येक कामगाराचं ईएसआय कार्ड छापून, दवाखाना बदलून, कुटुंबाची नावं चढवून आणा, मग सही. तीन आठवड्यांत कामं झाली, एरवी तीन वर्षांत झाली नसती. मूळ मालक म्हणून वर्गणीची जबाबदारी कायद्याने शेवटी तुमच्यावरच येते, तेव्हा हा दम द्यायचा हक्क तुम्हाला आहे. मग रुग्णालयात फोन करून दातांचे डॉक्टर कुठल्या वारी, किती वाजता बसतात ते विचारलं, आणि आठवड्यातून एकदा कंपनीची गाडी आठ जणांना घेऊन जायला लागली. सोबत टाइम ऑफिसचा एक माणूस, ज्याला केसपेपर कुठे काढायचा ते ठाऊक. अर्ध्या दिवसात आठही जण परत. गाडीचं डिझेल आणि आठ जणांचा अर्ध्या दिवसाचा पगार, एवढाच खर्च. तिथे सगळं होतं असं नाही. रूट कॅनालला कधी लांबची तारीख मिळते, कॅपचं सांगता येत नाही. पण काढणं, साधं भरणं आणि सफाई तिथे झाली तरी तुमच्या सहा लाखांवरचा निम्मा ताण उतरतो.

उरलेल्यासाठी पॅनेल करा. स्वतःची खुर्ची घेऊ नका. मोठ्या जुन्या कारखान्यांत, रेल्वेत, पोर्टात स्वतःचे दवाखाने आहेत, तिथे ते शोभतं. २४० माणसांसाठी खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह (अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र) घ्यायचं, एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, आणि डॉक्टर आठवड्यातून चार तास येणार. उरलेला आठवडा ती खुर्ची धूळ खाते. हजाराच्या वर माणसं असतील, किंवा शेजारच्या चार कंपन्या मिळून करत असतील, तर विचार करा.

पॅनेल म्हणजे तीन दवाखाने. एक चाकणमध्ये, एक राजगुरुनगरच्या बाजूला, एक मोशी-भोसरीकडे, कारण तुमचे लोक या तिन्ही दिशांना राहतात. हजेरी मशीनमधून पत्ते काढून आधी बघून घ्या. डॉक्टर निवडताना एसी आणि सोफा बघू नका. वाफेचं ऑटोक्लेव्ह चालू आहे का, एक्स-रे जागेवर निघतो का, आणि रविवारी दवाखाना उघडा असतो का, हे बघा. दर लिहून घ्या. या पट्ट्यात महिन्याला ठरावीक माणसं पाठवायची हमी दिली की साधारण असे दर मिळतात: सफाई ७००, दात भरणं ९००, दाढ काढणं ६००, रूट कॅनाल ३,५००, साधी धातू-सिरॅमिकची कॅप ३,०००. एरवी चालत्या गिऱ्हाइकाला याच गोष्टी दीडपट-दुप्पट पडतात. कामगाराने एचआरचं पत्र घेऊन जायचं, पैसे खिशातून काढायचे नाहीत, दवाखान्याने महिनाअखेरीला कंपनीकडे बिल पाठवायचं. ‘आधी भरा, मग बिल आणा’ ही युनियनची मागणी मला नेहमी चमत्कारिक वाटते. ज्याच्याकडे महिन्याच्या वीस तारखेला साडेतीन हजार रोख असतात त्याला तुमच्या योजनेची गरज कमी असते, आणि तोच बिलं आणतो. माझी जी योजना फसली म्हणालो ती हीच. दोन वर्षांत जवळजवळ सगळी बिलं स्टाफची आणि युनियन कमिटीची. प्रेस शॉपमधून एकही नाही.

सफाई, भरणं, काढणं पूर्ण कंपनीचं. रूट कॅनालचे ऐंशी टक्के, कॅपचे पन्नास. कामगाराचा हिस्सा पगारातून तीन हप्त्यांत कापायचा, पण त्याची लेखी संमती घेऊन. माणशी वर्षाला सहा हजारांची मर्यादा. पहिल्या वर्षाचा अंदाज मी असा धरेन: १२० जणांची सफाई, ८४,०००. १२० दात भरणं, १,०८,०००. ४० दाढा काढणं, २४,०००. ३५ रूट कॅनाल, कंपनीचा हिस्सा ९८,०००. २५ कॅप, ३७,५००. बेरीज ३,५१,५००, आणि यात कंत्राटी कामगारही धरलेत. रायडरपेक्षा कमी पैशांत जवळपास दुप्पट माणसं. उरलेल्या अडीच लाखांत गेट पासचे तास आणि ईएसआयची गाडी भागते. पहिल्या वर्षी वर्षानुवर्षांची थकबाकी बाहेर येते म्हणून आकडा फुगतो. तिसऱ्या वर्षी रूट कॅनाल कमी होतात आणि सफाई वाढते. तसं झालं नाही तर डॉक्टर बदला.

एक पळवाट आहे तीही सांगतो. स्टाफमधल्या ज्यांना खरोखर आयकर लागतो त्यांच्या बाबतीत रायडर थोडा बरा पडतो. कंपनीने भरलेला गटविम्याचा हप्ता त्यांच्या उत्पन्नात धरत नाहीत, पण खाजगी दवाखान्याचं कंपनीने भागवलेलं बिल धरतात. पूर्वी वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतच्या बिलांना सूट होती, ती २०१८-१९ पासून गेली. कंपनीच्या स्वतःच्या दवाखान्यात किंवा सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयात केलेल्या उपचारांवर कर नाही. मुंबईतल्या कंपन्यांना नायरचं दंत रुग्णालय त्या दृष्टीने सोयीचं, आपल्याकडे तसं खास दंत रुग्णालय जवळ नाही. पण नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नसल्याने कामगारांना हा प्रश्नच नाही. चाळीसातल्या पाच-सात मॅनेजरांसाठी सगळ्यांची योजना वाकवू नका. सीएला सांगून त्यांच्या पगारपत्रकात दाखवा आणि पुढे चला.

आता त्या २०० रुपये भत्त्याबद्दल. अजिबात नको. दर महिन्याला मिळणारा भत्ता पगारातच मिसळतो, दोन महिन्यांत कुणालाही आठवत नाही की तो दातांचा होता. एकदा करारात गेला की ती सेवाशर्त झाली, काढताना नोटीस आणि भांडण. पण त्याहून वाईट एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका कंपनीने करारात ‘मेडिकल भत्ता’ म्हणून अशीच बारीक रक्कम दिली. काही मुलांचा पगार २०,९०० होता, तो २१,१०० झाला. चालू वर्गणीचा काळ संपला आणि ती मुलं ईएसआयच्या बाहेर पडली. त्यातल्या एकाची आई ईएसआयमधून डायलिसिसवर होती. दोनशे रुपयांच्या भत्त्याने त्या घरावर काय आलं ते लिहीत बसत नाही. युनियनला हे उदाहरण सांगा, समजूतदार लोक असतात, मागणी सोडतील. करारात लिहायचं तर ‘दंतोपचार योजना, परिशिष्टाप्रमाणे, दरवर्षी दोन्ही पक्षांनी आढावा घेऊन’ असं लिहा.

कामावर तुकडा उडून दात तुटला तर तो या योजनेत घालायचाच नाही. तो कामावरचा अपघात आहे. ईएसआयमधल्या माणसाचा अपघात अहवाल वेळेत भरा, म्हणजे पुढचे हक्क शाबूत राहतात. ईएसआयबाहेरच्या माणसाचा उपचाराचा प्रत्यक्ष खर्च नुकसानभरपाईच्या कायदेशीर तरतुदीने मालकाचाच. सहा हजारांची मर्यादा दाखवून अशा माणसाला अर्ध्या कॅपवर परत पाठवणारे एचआरवाले मी बघितलेत, म्हणून हे सांगावं लागतंय. तसंच तुमच्याकडे प्लेटिंग किंवा बॅटरी चार्जिंगचा विभाग असेल तर तिथल्या लोकांचे पुढचे दात वेगळे तपासायला सांगा. आम्लाच्या वाफेने पुढच्या दातांच्या कडा झिजतात, पातळ होतात, गार पाणी सोसत नाही. तिथे डॉक्टरआधी एक्झॉस्ट दुरुस्त करणारा बोलवावा लागतो.

तपासणीची सुरुवात फुकटात होते. पिंपरीत आणि पुण्यात दंत महाविद्यालयं आहेत, त्यांच्या सार्वजनिक दंतारोग्य विभागाला पत्र लिहा. त्यांची फिरती व्हॅन असते, शिकणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण हवे असतात, तुम्हाला डॉक्टर हवे असतात. जेवण आणि फार तर व्हॅनचं डिझेल. माणशी पाच मिनिटं धरली तर २४० जणांना वीस तास, म्हणजे दोन खुर्च्यांवर दोन दिवस. नव्या कामगार संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आता मालकाकडे आली आहे; तिच्याच दिवशी हे जोडून घ्या. आपल्या वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे होतो, रक्त होतं, कान-डोळे होतात. तोंड उघडा, असं कुणी म्हणत नाही.

आणि आपल्याकडे तोंड उघडायला लावणं फार गरजेचं आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. गेटबाहेरच्या टपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे. तंबाखू-चुना तर आहेच, बायकांत मिश्री. डॉक्टरांना सांगा, प्रत्येकाला आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावा. जात नसतील तर सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी आवळत चालली आहे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर त्याच आठवड्यात पुढे पाठवायचं. आमच्या पहिल्या शिबिरात असा एक फोरमन निघाला, चाळिशीचा. वेळेत ऑपरेशन झालं, पुढे निवृत्त होईपर्यंत कामावर होता. त्या एका माणसानंतर व्यवस्थापनाने दातांच्या बजेटवर पुन्हा प्रश्न विचारला नाही.

फक्त कुणाच्या तोंडात काय आहे ते एचआरकडे नावासकट येता कामा नये. डॉक्टरांनी कंपनीला आकडे द्यावेत: इतक्यांना भरायचं, इतक्यांना काढायचं, इतक्यांना पुढे पाठवलं. नावाचा कागद कामगाराच्या हातात. कंत्राटी पोरांच्या मनात ‘मेडिकल अनफिट’ हा शब्द घर करून बसलेला असतो. एकाला जरी शिबिरानंतर ठेकेदाराने ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं, भले कारण वेगळं असेल, तरी पुढच्या शिबिराला कंत्राटी कामगार फिरकणार नाहीत.

बिलांवर दाताचा नंबर हवाच. दंतवैद्यांची आंतरराष्ट्रीय दोन आकडी पद्धत असते; ४६ म्हणजे खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ. माझ्याकडे एका हेल्परच्या नावावर मार्चमध्ये ४६ नंबर काढल्याचं बिल आलं आणि ऑगस्टमध्ये त्याच ४६ नंबरचं रूट कॅनाल. काढलेल्या दाढेचं रूट कॅनाल! बोलावलं, तर बराच वेळ खाली बघत उभा. मग म्हणाला, ‘दुसरी मंडळींची होती, साहेब.’ डॉक्टरलाही ठाऊक होतं. मेमो काढा असं वरून आलं होतं. मी काढला नाही. पुढच्या वर्षी योजनेत बायको-मुलं घेतली, कुटुंबाची मिळून एकच मर्यादा ठेवून. खर्च थोडा वाढला, पण खोटी बिलं थांबली. तुम्ही पहिल्या वर्षी फक्त कामगार घ्या, दुसऱ्या वर्षी कुटुंब. तोवर आकडे हातात येतात.

शिबिराची तारीख दिवाळीच्या आधीच्या महिन्यात धरू नका, ओव्हरटाइमच्या गडबडीत कुणीही गेट पास सोडणार नाही. जून-जुलै बरा, आणि पगार झाल्यावरचा आठवडा. आणि व्हॅन आली की खुर्चीत सगळ्यात आधी प्लांट हेडला बसवा, त्याच्यामागे युनियनच्या सेक्रेटरीला. आमच्या वेळी प्लांट हेडच्या तीन दाढा किडलेल्या निघाल्या आणि दुपारच्या चहापर्यंत ही बातमी पेंट शॉपपर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, व्हॅन उघडायच्या आधीच, बाहेर पंधरा माणसं उभी.